डब्यात सापडलेले कात्रण

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एका भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी माहेरचे घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात त्यांना महिलांच्या एका जुन्या मासिकातील सल्ला सदराचे कात्रण सापडले. त्यावर १९७९ हे साल आहे. ‘खानदेशातील एक भगिनी’ एवढीच ओळख देऊन लिहिलेल्या त्या पत्रातील बाईचे सासर तापीकाठी असून पती कापसाच्या व्यापारात आहेत आणि लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. लग्नापूर्वी कॉलेजात एका सहाध्यायाविषयी जिव्हाळा निर्माण झाला होता, त्याची पत्रे अजून जपून ठेवली आहेत, तेव्हा हे पतीला सांगावे की नाही, असे तिने विचारले आहे. उत्तरात सदरकाराने पत्रे जाळून टाकण्याचा, पतीला काही न सांगण्याचा आणि पतीचे सुख तेच आपले सुख मानून संसारात मन रमवण्याचा सल्ला दिला आहे. हे पत्र आपल्या आईचेच आहे, अशी आमच्या वाचक भगिनींची खात्री आहे. आई आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि वडील, म्हणजे आप्पा, हयात आहेत. नाशिकला शिकणाऱ्या वीस वर्षांच्या नातीची, म्हणजे या भगिनींच्या लेकीची, एका मुलाशी मैत्री असल्याचे कानावर आल्यापासून आईने ‘शिक्षण पुरे झाले, स्थळ पाहा’ असा धोशा लावला आहे. अशा वेळी ते कात्रण आईसमोर ठेवून तिला जाब विचारावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी त्या लिहितात, ‘एका सल्लागाराने माझ्या आईचे मन मारले. मग तुमच्या सल्ल्यावर मी का विश्वास ठेवावा?’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघणार आहे. आमच्या सल्ल्यावर डोळे झाकून विश्वास मुळीच ठेवू नये. अनोळखी वाचकाने नाव न देता प्रश्न पाठवावा आणि अनोळखी माणसाने तो छापून उत्तर द्यावे, ही पद्धत इंग्लंडमध्ये जॉन डंटन यांनी १६९१ मध्ये लंडनहून काढलेल्या ‘अथेनियन मर्क्युरी’ या पत्रात रुजली, आणि तेव्हापासून आजपर्यंत या सदरांनी शहाणपणाइतकाच आपापल्या काळाचा गैरसमजही मोठ्या आत्मविश्वासाने छापला आहे. डंटन यांच्याकडे स्त्रियांचे प्रेमाविषयीचे प्रश्न येत, पण उत्तरे देणारे होते मूठभर पुरुष. पुढे १६९३ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून ‘लेडीज मर्क्युरी’ निघाले, तेही चार अंकांत आटोपले. उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीवर स्त्रिया ठळकपणे दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. न्यू ऑर्लिन्सच्या एका दैनिकात १८९६ पासून ‘डोरोथी डिक्स’ आणि न्यूयॉर्कच्या एका दैनिकात १८९८ पासून ‘बिआट्रिस फेअरफॅक्स’ या नावाने स्त्रिया लिहू लागल्या. ही दोन्ही टोपणनावे होती. प्रश्न विचारणारीला नाव लपवावे लागत होते आणि उत्तर देणारीही आपल्या खऱ्या नावाने लिहीत नव्हती.

या साऱ्या सदरांचे जुने अंक वाचताना एक गोष्ट मला पटत गेली आहे. त्यांतील उत्तरे लवकर शिळी होतात, प्रश्न मात्र टिकतात. उत्तरात बहुधा त्या काळी काय छापता येत होते एवढेच दिसते, आणि लोक प्रत्यक्ष कसे जगत होते ते प्रश्नात दिसते. न्यूयॉर्कच्या ‘फोरवर्ट्स’ या यिद्दिश दैनिकात अब्राहम काहान यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले सदर पाहा. पूर्व युरोपातून आलेली कष्टकरी ज्यू माणसे त्यात लिहीत. परधर्मातील मुलीशी लग्न करू का, आईवडिलांचे ऐकू की इथल्या रीतीने वागू, असे त्यांचे प्रश्न असत, आणि अनेक बायकांचा प्रश्न नवरा सोडून गेला त्याचे काय करू, हा असे. अखेर त्या पत्राने बेपत्ता नवऱ्यांची छायाचित्रेच छापायला सुरुवात केली. सुरतेच्या कापड धंद्यात ज्यांचे नवरे, भाऊ आणि मुलगे गेले आहेत अशा आपल्या खानदेशातील कितीतरी घरांना यातले काहीच परके वाटू नये. त्या सदरातील नीतीचे उपदेश आज कोणी आठवणीने वाचत नाही, पण त्या बायकांचे प्रश्न वाचले म्हणजे स्थलांतराने संसाराचे काय होते ते कळते.

आपल्याकडे तर मासिके येण्यापूर्वीपासून प्रश्न मांडण्याची रीत होती. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून जी गाणी म्हणतात त्यांत सासू असते, नणंद असते, उशिरा न्यायला आलेला भाऊ असतो, पण नाव कोणाचेच नसते. सारे गाव ऐकते आणि कोणत्या घरची गोष्ट चालली आहे हे कोणी विचारत नाही. त्या गाण्यांना उत्तर अपेक्षित नसे. मासिकाच्या सदराने प्रश्नासमोर छापील उत्तर ठेवले, आणि छापील असल्यामुळेच त्याला वडीलधाऱ्याचा अधिकार आला. तुमचा राग त्या अधिकारावर आहे, आणि तो मला समजतो. तरीही ज्याने ते उत्तर लिहिले त्याच्या टेबलापाशी थोडा वेळ बसून पाहा, अशी माझी विनंती आहे.

मराठीत स्पष्ट उत्तर देण्याची किंमत काय असते, हे त्या सदरकाराच्या पिढीला ठाऊक असणार. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यात ते कामजीवनाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. कर्वे तोट्यात मासिक चालवत राहिले, कारण ते हट्टी होते. घरोघरी जाणाऱ्या कौटुंबिक मासिकाला तसा हट्ट परवडणारा नव्हता. त्याची वर्गणी बहुतेक घरांत पुरुष भरत असे, अंक आधी कोणाच्या हातात पडेल याचा नेम नसे, आणि सल्ल्याचे पान सून वाचते म्हणून सासूही वाचत असे. अशा सदरातील उत्तर एकाच वेळी त्या बाईला, तिच्या नवऱ्याला आणि तिच्या सासूला उद्देशून लिहिलेले असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय ते नीट वाचताच येत नाही.

आता कात्रणातले उत्तर पुन्हा पाहा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रे जाळा आणि पतीला सांगू नका, ही एक. पतीचे सुख तेच आपले सुख माना, ही दुसरी. तुम्ही दोन्ही एकाच रागाने वाचता. मी पहिलीकडे काहीशा आदराने पाहतो. १९७९ मध्ये एखाद्या नवऱ्याने अशा कबुलीवरून बायकोला घराबाहेर काढले असते, तर तिच्याजवळ काय होते? सासरच्या घरात राहण्याचा स्पष्ट हक्क तिला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मिळाला, तो २००५ मध्ये. माहेरच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागता येई, पण तिची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती, २००१ पर्यंत तीच राहिली, आणि बायको व्यभिचारात राहते असे सिद्ध झाले तर तेवढीही मिळत नसे. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आली होती खरी, पण तापीकाठच्या कोणत्या सुनेपर्यंत ती तीन वर्षांत पोचली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्या वर्षाचीच आणखी एक घटना सांगतो. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवले, आणि कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून त्या निकालातील विचारसरणीवर बोट ठेवले. त्या मुलीचे आधीपासून एका तरुणावर प्रेम होते, हेही त्या प्रकरणात तिच्या विरोधात धरले गेले होते. खुल्या पत्रानंतर देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पूर्वी कोणावर प्रेम होते एवढ्या गोष्टीवरून स्त्रीचा शब्द जिथे खोटा ठरत होता, तिथे घरात जपून ठेवलेली पत्रे म्हणजे तिच्याविरुद्धचा पुरावाच होता. तो नष्ट करण्यास सांगणारा सदरकार कदाचित नीतीच्या भाषेआडून तिला वाचवत होता. अर्थात हे माझे वाचन आहे आणि ते उदार आहे, हे मान्य.

दुसऱ्या भागाला मात्र मी माफ करत नाही. पतीचे सुख तेच आपले सुख, हे वाक्य १९७९ मध्येही अपरिहार्य नव्हते. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० पासून निघत होते आणि स्त्रियांच्या शिक्षणाची, अर्थार्जनाची, विवाहातील तिच्या मताची चर्चा मराठी घरांत कधीच पोचली होती. पुढे त्याच मासिकाच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी पुण्यात सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये नारी समता मंच उभा केला आणि १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. वाचक स्त्रीच्या दुःखाला आधी तिचा दोष न मानणे, ही त्या पिढीने मराठी मासिकांना लावलेली शिस्त आहे. त्यानंतर सल्ल्याची भाषा पालटली. ‘तुम्ही कुठे कमी पडलात’ असे विचारणारी सदरे ‘तुम्हाला काय हवे आहे’ असे विचारू लागली.

उत्तर देणारी माणसेही बदलली, कधी कधी स्वतःच्या आयुष्याने बदलली. अमेरिकेत ‘ॲन लँडर्स’ या नावाने लिहिणाऱ्या एपी लेडरर वर्षानुवर्षे वाचकांना संसार टिकवा म्हणून सांगत आल्या होत्या. १९७५ मध्ये त्यांचा स्वतःचा दीर्घ विवाह मोडला, तेव्हा त्यांनी ते वाचकांना सदरातच सांगितले आणि त्या दिवशी सदराचा उरलेला भाग कोरा सोडला. आपल्याकडे डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात जी उत्तरे लिहिली त्यांचा सूर आठवा. ऐंशीच्या घरातले हे स्त्रीरोगतज्ज्ञ बायकोच्या कौमार्याची चौकशी करणाऱ्या नवऱ्यांना चार ओळींत आणि मिश्कीलपणे जमिनीवर आणत. कर्व्यांना ज्या प्रकारच्या उत्तरांसाठी कोर्टात उभे राहावे लागले, तशी उत्तरे आता लोक सकाळच्या चहाबरोबर वाचत होते.

हा सगळा प्रवास पुढेच गेला आहे असे म्हणून मला मोकळे होता आले असते, पण तसे म्हणवत नाही. आजच्या सदरांचीही एक पोथी आहे. मनात आहे ते बोलून टाका, काही लपवू नका, मन मोकळे केल्याशिवाय नाते खरे होत नाही, असे ती सांगते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मीही हे बऱ्याच जणांना सांगितले असेल. तुम्हाला कात्रण हातात घेऊन आईसमोर उभे राहावेसे वाटते ते या पोथीच्या शिकवणीतून तर नाही ना, हे एकदा स्वतःला विचारा. १९७९ च्या सदराने एका बाईला लपवायला सांगितले म्हणून तुम्ही रागावला आहात, आणि तिच्या लेकीने आता तिला सगळे उघड करायला लावावे असे २०२५ चे सदर तुम्हाला सुचवत आहे. तिला काय हवे आहे हे दोन्ही वेळा तिला कोणी विचारलेले नाही.

आता तुमच्या खात्रीविषयी बोलू. ते पत्र आईचेच आहे कशावरून? सासर तापीकाठी, नवरा कापसाच्या धंद्यात आणि लग्नाला तीन वर्षे, हे वर्णन त्या काळच्या चोपड्यापासून शहाद्यापर्यंतच्या किती घरांना लागू पडले असते! शिवाय बरे संपादक पत्र छापताना ओळख पटेल असे तपशील बदलतात, दोन-तीन पत्रांचे एक करतात, भाषा सारखी करून घेतात. तुमच्या पत्रातलेही काही तपशील मी बदलले आहेत. त्यामुळे तपशील तंतोतंत जुळत असतील तर शंका कमी न होता वाढायला हवी. आणि दुसऱ्याच कोणाचे पत्र आपल्याला लागू पडते म्हणून कापून ठेवण्याची सवय तर सल्ला सदराच्या प्रत्येक वाचकाला असते. स्वतः लिहिण्याचे धाडस नसलेल्या बायकांसाठीच खरे तर ही सदरे चालत. आंतर्देशीय पत्र कोणाकरवी टाकायचे, पोस्टमनने विचारले तर काय सांगायचे, या अडचणींमुळे मनातले प्रश्न बहुतेकींनी लिहिलेच नाहीत, दुसरीने लिहिलेले वाचले. आईने ते कात्रण मैत्रिणीसाठी ठेवले असेल, नणंदेसाठी ठेवले असेल, किंवा त्याच्या पाठच्या बाजूला छापलेल्या लोणच्याच्या कृतीसाठीही ठेवले असेल. पाठची बाजू तुम्ही पाहिलीत का?

समजा, पत्र तिचेच आहे. तरी सल्लागाराने तिचे मन मारले, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तिने तो सल्ला पाळला की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. आप्पांना तिने लग्नाच्या दहाव्या वर्षी सगळे सांगून टाकले असेल आणि दोघांनी मिळून तो विषय मिटवला असेल, हेही शक्य आहे. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिला काय मिळाले आणि काय नाही, याचा हिशेब एका मासिकाच्या अर्ध्या पानावरून करणे म्हणजे त्या सदराला त्याच्या लायकीपेक्षा जास्त मोठे करणे आहे. आमच्यासारख्यांच्या हातात माणसांची आयुष्ये असतात असे आम्हाला वाटायला आवडते. वाचक मात्र बहुधा वाचतात, उसासा टाकतात आणि स्वतःच्या मनासारखेच करतात.

पण तुमच्या पत्रातली मला खरी अडचण वाटणारी जागा वेगळी आहे. आईला समजून घेण्यासाठी तुम्हाला हे कात्रण तितकेसे नको आहे. नातीच्या लग्नाच्या वादात तिला गप्प करण्यासाठी ते हवे आहे. ‘तू स्वतः असे केलेस आणि आता पोरीला अडवतेस’, हे वाक्य तुम्ही मनात पुष्कळदा म्हणून पाहिले असेल. ते वाक्य कदाचित वाद जिंकून देईल. त्यानंतर अडुसष्ट वर्षांच्या त्या बाईला आपल्या घरात, आपल्या नवऱ्यासमोर, उरलेली वर्षे लेकीला काय काय ठाऊक आहे याच्या धास्तीत काढावी लागतील. आणि तिचा विरोध हा ढोंगीपणा आहे, हे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे. जिने मन गुंतण्याची किंमत मोजली किंवा दुसऱ्या कोणाला मोजताना जवळून पाहिले, ती नातीसाठी घाबरणारच. तिच्या डोळ्यांसमोर अजून १९७९ चे जग आहे. नातीच्या बाजूला आज जो कायदा, जे शिक्षण आणि जो पगार उभा राहू शकतो, तो तिने स्वतःच्या आयुष्यात कधी पाहिलेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, कात्रण होते तसे, त्याच घडीवर, त्याच डब्यात परत ठेवा. मोबाइलवर त्याचा फोटो काढला असेल तर पुसून टाका, बहिणीला किंवा वहिनीला पाठवला असेल तर त्यांनाही तेच सांगा, कारण घरच्या व्हॉट्सॲप गटावर पडलेली गोष्ट आप्पांपर्यंत पोचायला एक दुपार पुरते. आप्पांना काही विचारू नका, सूचकपणेही नाही. आईशी बोलायचे असेल तर अवश्य बोला, पण कात्रणाविषयी न बोलता त्या काळाविषयी बोला. लग्न झाल्यावर वाचायला काय मिळे, मासिके कोण आणत असे, कॉलेज सुटल्याचे वाईट वाटले का, असे प्रश्न विचारा. समोरासमोर बसवून विचारू नका. बिबडे थापताना किंवा कुरडया घालताना, दोघींचे हात आणि डोळे कामात असताना, मोठ्या बायका जे बोलतात ते चौकशीला बसवल्यावर कधी बोलत नाहीत. तालुक्याच्या जुन्या वाचनालयात त्या वर्षांचे बांधीव अंक मिळाले तर एखादा घरी आणा आणि तिच्या हाताशी ठेवा. ती सल्ल्याच्या पानावर थांबली तर थांबू द्या, ते पान उलटून पुढे गेली तर तेही तिचे उत्तर समजा. तिने स्वतःहून काही सांगितले तर ऐका, आणि ‘मला माहीत होते’ असे चुकूनही म्हणू नका.

अशा वस्तू ज्यांच्या हाती आईवडिलांच्या पश्चात लागतात त्यांची पत्रेही मला येतात. त्यांना एवढेच सांगतो की, त्या कागदात ज्या दुसऱ्या माणसाचे नाव असते ते माणूस किंवा त्याचे कुटुंब कुठेतरी हयात असू शकते, आणि आपल्या कुतूहलासाठी त्यांच्या घरात खळबळ उडवण्याचा हक्क आपल्याला वारशाने मिळत नाही. कागद जपावेत, वाचावेत, पण शोधमोहिमेवर निघू नये.

राहिली तुमची लेक. तिचा प्रश्न आजीच्या प्रश्नापासून वेगळा काढा, कारण तो आजचा आहे आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. ती सज्ञान आहे. तिच्या संमतीवाचून तिचे लग्न कोणी ठरवू शकत नाही, आणि सज्ञान व्यक्तीचा जोडीदार निवडण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. हे तुम्ही आजीला कायद्याच्या सुरात सांगू नये, पण तुमच्या स्वतःच्या मनात ते पक्के असावे. आईला एकदाच, शांतपणे आणि आप्पांसमोर सांगा की, पोरीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत या घरात स्थळाचा विषय निघणार नाही, आणि हा निर्णय तुमचा व तुमच्या यजमानांचा आहे. तिथे कात्रणाची गरज नाही, आईपणाचा अधिकार पुरेसा आहे. ज्या वाचकांच्या घरी असा निर्णय नुसत्या बोलण्याने पाळला जात नाही, मुलीला कोंडणे, मारणे किंवा कॉलेजातून ओढून आणणे इथवर गोष्ट जाते, त्यांनी समजुतीच्या गोष्टी बाजूला ठेवून महिलांसाठीच्या १८१ या किंवा तातडीच्या ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

लेकीशी बोलताना मुलगा कोण, कोणत्या जातीचा, कुठल्या गावचा, येथून सुरुवात करू नका. ती त्याच्याशी भांडू शकते का, तो चिडल्यावर कसा वागतो, तिच्या अभ्यासाची आणि पुढच्या नोकरीची तो चेष्टा करतो की विचारपूस करतो, तिने नाही म्हटल्यावर ते ‘नाही’ तो ऐकतो का, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे तिने तुम्हाला दिलीच पाहिजेत असे नाही, तिने स्वतःला दिली तरी चालतील. मैत्री मोडली तर घरी येऊन रडता येईल, आणि ‘बघ, आजी म्हणत होती’ असे कोणी म्हणणार नाही, याची खात्री मात्र तिला तुमच्याकडून मिळायला हवी.

आजीशी आपण स्वतः बोलावे असे तिला वाटते का, हेही विचारून ठेवा. नको म्हणाली तर तो विषय तिथेच ठेवा. हो म्हणाली, तर काय सांगायचे आणि किती सांगायचे ते तिचे तिला ठरवू द्या. दिवाळीच्या सुटीत ती गावी आली की एखाद्या दुपारी आजी-नातीला घरात एकटे सोडून तुम्ही आप्पांना घेऊन बाजारात जायला हरकत नाही.